गिअरबॉक्स उतरवण्याआधी: जुन्या ऑटोमॅटिक गाडीतला झटका कसा शोधायचा

पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना पाठीत ढोसल्यासारखा झटका, रिव्हर्स टाकल्यावर खालून ‘ठक्’ असा ठोका, किंवा सिग्नलला थांबता थांबता अगदी शेवटच्या क्षणी मागून कुणी ढकलल्यासारखं वाटणं. जुन्या ऑटोमॅटिक गाडीची ही दुखणी घेऊन माणूस गॅरेजात जातो आणि बऱ्याचदा एकच उत्तर घेऊन परततो: ‘गिअरबॉक्स गेलाय, उतरवावा लागेल.’ कधी तो खरंच गेलेला असतो. पण त्याआधी तपासण्यासारखं बरंच काही असतं आणि त्यातलं बहुतेक सोसायटीच्या पार्किंगमध्ये उरकतं. इंजिनला धरून ठेवणारं रबराचं माउंटिंग फाटलेलं किंवा अर्थची वायर गंजलेली सापडली, तर गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही. म्हणून तपासणी नेहमी बाहेरून आत करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि झटका थांबला, तर तो कशाने थांबला हे कधीच कळत नाही.

आधी गिअरबॉक्स कोणता ते पाहा

इथे लिहिलेलं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या ऑटोमॅटिकसाठी आहे. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग. आपल्याकडे जुन्या बाजारात सहज मिळणाऱ्या गाड्यांपैकी २००८ ते २०१३ ची पाच गिअरची होंडा सिटी, चार गिअरची ह्युंदाई आय१० आणि फ्लुइडिक व्हर्ना, मारुती एसएक्स४, २०१० च्या आधीची कोरोला या त्यातल्या. नावावर जाऊ नका. त्याआधीची सिटी झेडएक्स आणि २०१४ नंतरची सिटी या दोन्ही ऑटोमॅटिक असल्या तरी सीव्हीटी आहेत. त्यांच्यात पट्टा आणि पुली असतात, ठरावीक गिअर नसतात.

२०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आलेला एएमटी हा तर मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. मारुतीच्या एएमटीत गिअरच्या दांड्याजवळ ‘पी’ नसतो, ही सोपी खूण. त्यात गिअर बदलताना थोडी डुलकी लागणारच, तो बिघाड नव्हे. फोक्सवॅगन-स्कोडाचा डीएसजी दोन क्लचचा, त्याची तपासणीही वेगळी.

झटका येतो कुठून

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेटींचे तीन-चार किंवा जास्त गठ्ठे असतात आणि त्यांना ऑइलचा दाब पकडून ठेवतो. गिअर बदलणं म्हणजे एका गठ्ठ्याने सोडणं आणि त्याच वेळी दुसऱ्याने पकडणं. पकड फार जोरात आली तर झटका बसतो. उशिरा आली तर मधल्या क्षणात इंजिन मोकळं सुटतं, आवाज चढतो आणि मग धाडकन पकड बसते. दोन्ही वेळा सीटवर बसलेल्याला झटकाच जाणवतो, पण दुखणं उलटं असतं: पहिल्यात दाब जास्त, दुसऱ्यात कमी. त्यामुळे गिअर बदलताना नजर आरपीएमच्या काट्यावर हवी. काटा सरळ खाली आला की वर उडी मारून मग आला, एवढं पाहिलं तरी निम्मं निदान होतं.

या खेळात तिसरा भिडूही आहे. गिअर बदलायच्या क्षणी इंजिनचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ किंचित मागे नेऊन इंजिनचा जोर कमी करतो. इंजिन मिसफायर होत असेल, किंवा इंजिनवर जोर किती आहे याचा अंदाज सेन्सर चुकीचा देत असेल, तर ठणठणीत गिअरबॉक्सही झटके देतो.

आणि एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. सेन्सरवरचा किंवा सोलेनॉइडवरचा (ऑइलची वाट विजेवर उघडबंद करणारा छोटा व्हॉल्व्ह) कॉम्प्युटरचा विश्वास उडाला की तो सोलेनॉइडचा वीजपुरवठा तोडतो. मग ऑइलचा दाब आपोआप कमाल पातळीवर जातो. अर्धवट दाबात प्लेटी घसरून जळू नयेत म्हणून गिअरबॉक्स मुद्दामच तसा बनवलेला असतो. म्हणजे काल ठीक असलेली गाडी आज प्रत्येक गिअरला आपटते आहे, किंवा एकाच गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्यात, अडकून पडली आहे, तर शंका आधी वायरवर घ्यायची, प्लेटींवर नाही. प्लेटी हळूहळू झिजतात. सगळे गठ्ठे एका रात्रीत झिजत नाहीत.

दोन फेऱ्या आणि एक वही

पाना हातात घेण्याआधी गाडी दोनदा चालवा: एकदा सकाळी थंड इंजिनवर, आणि एकदा अर्धा तास रहदारीत चालून गरम झाल्यावर. शेजारी कुणाला तरी बसवून लिहायला सांगा. कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना झटका आला, किती वेगाला, आरपीएम किती होतं, रेस हलकी होती की दाबून, एसी चालू होता की बंद.

नवखी माणसं गिअर मोजताना एक हमखास चूक करतात. साधारण ५० ते ७० च्या दरम्यान एकसारखी रेस धरली की आरपीएम दोन-तीनशेने खाली येतं आणि एक ‘जास्तीचा गिअर’ पडल्यासारखं वाटतं. तो टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप असतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात. त्या वेळी रस्त्यावरच्या रंबलरवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर ते बहुतेक वेळा थकलेल्या ऑइलचं लक्षण असतं.

आता वहीत काय दिसतं ते पाहा. गाडी उभी असताना डी किंवा आर टाकल्यावरच झटका येत असेल, तर माउंटिंग, आयडलिंग आणि ऑइलची पातळी. फक्त पहिला-दुसरा किंवा फक्त दुसरा-तिसरा, एवढाच एक बदल आपटत असेल, तर त्या गठ्ठ्याचा सोलेनॉइड, प्रेशर स्विच किंवा दाब मऊ करणारा अक्युम्युलेटर. सगळेच आपटत असतील तर सगळ्यांना सामाईक असलेलं काही तरी: चुकीचं ऑइल, मुख्य दाबाचा सोलेनॉइड, थ्रॉटलचा किंवा हवेचा सेन्सर, अर्थ. थंडीत झटका आणि गरम झाल्यावर गायब, तर आधी ऑइल बदलून पाहण्याजोगं आहे. उलट थंड असताना गोड चालते आणि गरम झाल्यावर बिघडते, तर ते जास्त चिंतेचं. ऑइल पातळ झालं की झिजलेल्या सील आणि व्हॉल्व्हमधून दाब गळतो. सोलेनॉइडची गुंडाळीही गरम झाल्यावरच दगा देते. स्पीडोमीटरचा काटा उडी मारतो आणि त्याच क्षणी गिअर आपटतो, तर स्पीड सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर.

गिअरबॉक्सच्या बाहेरचे चोर

पहिला संशयित इंजिनचं माउंटिंग. काही मेकॅनिक त्यालाच फाउंडेशन म्हणतात. गाडी सपाट जागी, हँडब्रेक पूर्ण वर, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. एकाने आत बसून ब्रेक घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून बाजूला उभं राहून पाहायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही थांबायचं नाही. आतल्याने एन मधून डी, पुन्हा एन, मग आर असं सावकाश करायचं. इंजिन किंचित झुकतंच. पण ते उचकून इंचभर उठत असेल, किंवा उठून परत आपटत असेल, तर माउंटिंग फाटलंय. रबरात तडे, आणि तेल भरलेल्या माउंटिंगखाली काळा चिकट ओघळ, या खुणा टॉर्चच्या उजेडात दिसतात. वरचं उजव्या बाजूचं एकच बदलून भागवू नका. खाली गिअरबॉक्सला धरणारं आणि पुढे-मागे झुकणं रोखणारं अशी दोन्ही पाहा. एक नवं आणि बाकीची मेलेली असली तर नव्यावर सगळा भार येतो आणि तेही लवकर जातं.

दुसरा आयडलिंग. इंजिन गरम, एसी बंद, दांडा डी मध्ये आणि ब्रेक दाबलेला, अशा वेळी आरपीएम साधारण ६५० ते ८०० च्या आसपास स्थिर हवं. ते हजाराच्या वर असेल तर आर टाकताना ठोका बसणारच, कारण फिरणाऱ्या इंजिनला चाकं थोपवून धरतात आणि तो सगळा धक्का प्लेटींवर येतो. कारणं नेहमीची: थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या पाकळीचं घर) साचलेली काजळी, इन्टेकचा फाटलेला होस, निघालेला व्हॅक्यूम पाइप. थ्रॉटल बॉडी थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने पुसा. रेसची केबल नसलेल्या गाडीत इग्निशन चालू असताना ती पाकळी बोटाने ढकलू नका. मोटरच्या गिअरला इजा होते आणि बोटालाही.

तिसरा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा शाफ्ट. गाडी जॅकवर उचलून घोडीवर टेकवा (नुसत्या जॅकवर कधीही नाही), दांडा पी मध्ये ठेवा आणि पुढचं चाक हाताने पुढे-मागे हलवून पाहा. थोडी ढिलाई असतेच. पण मोठा ‘कट-कट’ आवाज येत असेल, तर तो झटका गिअरबॉक्सचा नसून जॉइंटचा आहे. चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश गेले असले तरी थांबता थांबता गाडी तसाच धक्का देते.

ऑइल: इथे घाई नको

एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, नुसतं वंगण नसतं. तेच दाब देतं, तेच प्लेटींची पकड किती मऊ असावी हे ठरवतं, आणि उष्णताही तेच वाहून नेतं. त्यामुळे पातळी एका बोटाने चुकली तरी फरक पडतो. पातळी कमी असेल तर वळणावर किंवा घाटाच्या चढावर पंप हवा ओढतो, गिअर उशिरा पडतो आणि मग आपटतो. जास्त असेल तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, फेसाला दाब धरता येत नाही, आणि परिणाम तोच.

पातळी पाहायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. बहुतेक गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण गरम करायचं, ब्रेक दाबून दांडा सगळ्या जागांवरून एकदा फिरवायचा, मग पी मध्ये (काही गाड्यांत एन मध्ये) आणून इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची. होंडाचं उलटं. रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत गरम करा, इंजिन बंद करा, आणि ६० सेकंदांनंतर पण ९० सेकंदांच्या आत पातळी पाहा. होंडात इंजिन चालू ठेवून पाहिलं तर पातळी कमी वाटते आणि माणूस उगाच अर्धा लिटर जास्त ओततो. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. त्यांत ठरलेल्या तापमानाला बाजूचा बोल्ट काढून ऑइल ओघळतं का हे पाहतात. ते काम लिफ्ट आणि स्कॅनर असलेल्या ठिकाणीच करावं.

डिपस्टिक पुसायला सुती चिंधी घेऊ नका, तिचे धागे आत जातात. धागे न सुटणारा कागद किंवा मायक्रोफायबर वापरा. पहिल्यांदा पुसून पुन्हा आत घाला, आणि दुसऱ्यांदा बाहेर काढल्यावर जे दिसेल ते खरं.

आता एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका आणि दहा मिनिटं थांबा. चांगलं ऑइल लालसर राहतं आणि सारखं पसरतं. तपकिरी झालं असेल तर बदलायची वेळ झाली आहे. मध्ये काळा गोळा आणि भोवती फिकट कडं असेल, वासही करपट असेल, तर प्लेटी जळल्या आहेत. थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळा: रेशमासारखा निसटायला हवा, रवा लागता कामा नये. आणि ऑइल सोलकढीसारखं गुलाबी-दुधट दिसलं तर इंजिन पुन्हा सुरूच करू नका. त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल गार करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती आतून फुटली की हे होतं. दुसरं कारण पावसाळ्यातलं. गरम गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात एकदम गार होतो, आतली हवा आकसते, आणि वरच्या ब्रीदरमधून (हवा येण्या-जाण्याची वाट) पाणी ओढलं जातं. मुंबईतून किंवा कोकणपट्टीतून जुनी ऑटोमॅटिक घेताना म्हणूनच डिपस्टिक आधी काढून पाहावी. पाण्याने प्लेटींवरचा थर सुटतो. नुसतं ऑइल बदलून तो परत चिकटत नाही.

ऑइल कोणतं, याला तडजोड नाही. होंडाला पूर्वी झेड-१ होतं, त्याच्या जागी आता डीडब्ल्यू-१ आलं आणि ते जुन्या गाड्यांनाही चालतं. ह्युंदाईच्या चार गिअरवाल्यांना एसपी-३; सहा गिअरवाल्यांचं एसपी-४ त्यात घालू नका. टोयोटात काही पिढ्यांना टी-४ आणि पुढच्यांना डब्ल्यूएस. दोन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत. मारुती एसएक्स४ ला ३३१७. आपल्या गाडीचं नेमकं नाव मॅन्युअलमध्ये असतं, काही गाड्यांत डिपस्टिकवरच कोरलेलं असतं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा स्वस्त पडतो. पण आधीच्या मालकाने तोच ओतलेला असेल, तर सगळेच गिअर कडक पडण्याचं कारण तेवढंच असू शकतं.

वीज आणि सेन्सर

मल्टीमीटर घ्या. इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवेत. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर धरून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं, तर गिअरबॉक्सपासून बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी गंजली आहे. आपल्याकडे समुद्रकाठच्या गाड्यांत ही फार वेळा सापडते. ती काढा, दोन्ही टोकं सँडपेपरने चमकेपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि वर ग्रीसचा पातळ हात फिरवा.

कॉम्प्युटरने साठवलेले बिघाडाचे कोड वाचण्यासाठी ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर पुरतो, पण साधी अॅप फक्त इंजिनचे कोड दाखवतात. पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की ‘गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काही सांगायचंय, ते त्याच्याकडून वाचा.’ त्यासाठी गिअरबॉक्सपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. पी०७०५ म्हणजे दांडा कुठे आहे हे सांगणारा स्विच, पी०७१० ऑइलच्या तापमानाचा सेन्सर, पी०७१५ आणि पी०७२० आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या वेगाचे सेन्सर, पी०७४५ दाबाचा सोलेनॉइड, पी०७५० पहिला शिफ्ट सोलेनॉइड. पी०७३० मात्र गंभीर घ्या: कॉम्प्युटरने सांगितलेला गिअर आणि प्रत्यक्ष मिळालेला गिअर जुळत नाही, म्हणजे कुठे तरी घसरतंय. होंडात डॅशबोर्डवरचं ‘डी’ लुकलुकायला लागलं तर तीच कोड साठल्याची खूण. आपल्याकडे ओबीडी-२ ची सक्ती एप्रिल २०१३ पासून झाली, त्यामुळे त्याआधीच्या काही गाड्या साध्या स्कॅनरशी बोलतच नाहीत. त्यांना त्या कंपनीचा स्कॅनर लागतो.

कोड वाचून आधी लिहून ठेवा, मग पुसा. पुसून गाडी चालवल्यावर जो परत येतो, त्यावरच काम करा.

कोड आला म्हणून पार्ट बदलू नका, आधी कनेक्टर उघडा. हिरवट गंज, ओल, उंदराने कुरतडलेली वायर सापडते का ते पाहा. नंतर सोलेनॉइडचा रोध मोजा: होंडात शिफ्ट सोलेनॉइडला १२ ते २५ ओहम आणि दाबाच्या लिनिअर सोलेनॉइडला ३ ते १० ओहम असावा. एकदा थंड असताना आणि एकदा गरम असताना मोजा. कोड न येताही झटका देणारी एक गोष्ट होंडाच्या पाच गिअरवाल्या अनेक गाड्यांत आहे, ती म्हणजे बाहेरून स्क्रूसारखे बसणारे प्रेशर स्विच. दुसरा-तिसरा किंवा तिसरा-चौथा बदल आपटत असेल आणि ऑइल चांगलं असेल, तर गिअरबॉक्स उघडण्याआधी ते बदलून पाहावेत.

इंजिनकडच्याही दोन गोष्टी विसरू नका. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला तर इंजिन कायम थंडच दिसतं, गिअर उशिरा पडतात आणि लॉक-अप लागत नाही. हवा मोजणारा सेन्सर मळला असेल तर जोराचा अंदाज चुकतो. त्याच्या खास क्लीनरनेच तो धुवा, ब्रशने घासू नका.

केबल आणि व्हॅक्यूमवाल्या त्याहून जुन्या गाड्या

काही जुन्या गाड्यांत दाब ठरवायला कॉम्प्युटर नसतो, थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. ती जास्त ताणलेली असली तर प्रत्येक गिअर उशिरा आणि कडक पडतो. ढिली असली तर लवकर आणि घसरत पडतो, आणि त्यातून प्लेटी जळतात. म्हणून झटका घालवायला केबल अंदाजाने ढिली करणं धोक्याचं. केबलवरची फॅक्टरीची खूण आणि मॅन्युअलमधलं अंतर बघूनच हात लावा.

१९९५ पासून पुण्यात जोडल्या जाऊ लागलेल्या डब्ल्यू १२४ च्या पिढीतल्या ऑटोमॅटिक मर्सिडीजमध्ये हेच काम व्हॅक्यूम करतो. तिथे पेन्सिलीएवढी रबरी नळी तडकली की गिअरबॉक्सला वाटतं, रेस पूर्ण दाबली आहे, आणि तो पूर्ण दाब देतो. इंजिन चालू असताना नळी काढून टोकाला बोट लावा आणि ओढ जाणवते का पाहा, नंतर मॉड्युलेटरच्या (व्हॅक्यूमवरून दाब ठरवणारा भाग) बाजूने आत लाल ओल आहे का पाहा. ओल असेल तर आतला पडदा फाटला आहे. नळी बदलून भागणार नाही, मॉड्युलेटरच बदलावा लागेल.

ऑइल बदलणं

जुन्या गाडीचं ऑइल मशीन लावून जोराने धुऊ नका. साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल हव्या त्या गठ्ठ्याकडे वळवणारा भाग) बारीक वाटांत अडकतो. साधं काढा-भरा करा. ड्रेन प्लगमधून सगळं ऑइल निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये निम्म्याहून जास्त राहतं. समजा एकूण ६ लिटर आहे आणि एका वेळी अडीच निघतं. पहिल्यांदा ४२ टक्के नवं होईल, दुसऱ्यांदा ६६, तिसऱ्यांदा ८० च्या आसपास. दोन वेळांच्या मध्ये गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालवा.

करायचं असं: ऑइल कोमट असू द्या, उकळतं नको. आधी भरायचं झाकण किंवा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच ड्रेन प्लग उघडा. खालून सगळं काढल्यावर वरचं झाकण अडलेलं सापडणं हा प्रसंग टाळता येतो. होंडाच्या प्लगला ३/८ इंची चौकोनी खाच असते, रॅचेट थेट त्यातच बसते. निघालेलं ऑइल मोजमापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच भरा. मग गरम करून पातळी पाहा. प्लगचं वॉशर दर वेळी नवं लावा. होंडात प्लग ४९ न्यूटन-मीटरला कसतात. दांडी लावून जोर करू नका, अॅल्युमिनियमचे आटे जातात.

प्लगवरचा चुंबक नीट बघा, सगळ्यात खरं तोच सांगतो. त्यावर काजळासारखा मऊ राखाडी लेप असेल तर तो नेहमीच्या झिजेचा, काळजी नको. नखाला लागतील अशा कपच्या, चमकते तुकडे, किंवा पितळी रंग दिसला तर थांबा. आत काही तरी तुटतंय आणि नव्या ऑइलने ते सांधणार नाही.

एक वाद नेहमी निघतो: दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचं ऑइल कधीच बदललं नसेल तर आता बदलावं का? झटका आहे पण घसरण नाही, ऑइल तपकिरी आहे पण करपलेलं नाही, तर बदला, हळूहळू, तीनदा. ऑइल काळं, वास करपट आणि रेस दिल्यावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही, तर ते पैसे दुरुस्तीसाठी ठेवा. जळालेल्या प्लेटींना नवं ऑइल पकड देत नाही. आणि निघालेलं ऑइल गटारात ओतू नका. बंद डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

काम झाल्यावर बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्स पुन्हा ‘शिकवावा’ लागतो. काहींना स्कॅनरने शून्यापासून सुरुवात करावी लागते. जिथे ती सोय नाही तिथे गाडी अर्धा तास हलक्या, एकसारख्या रेसने चालवा, मधे मधे पूर्ण थांबा आणि पुन्हा निघा. बॅटरी बदलल्यावर लगेच येणारा झटका यामुळेच असतो, पहिल्या दिवशीच त्याचा निकाल लावू नका.

गॅरेजात जाताना

एवढं करूनही झटका राहिला तर एक शेवटचं मोजमाप घ्या. सगळं गरम, ब्रेक दाबलेला, आयडलिंगवर एन मधून डी टाका आणि धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या व्हिडिओवर मोजा. साधारण १.२ सेकंदाच्या आत डी आणि १.५ सेकंदाच्या आत आर लागायला हवा. मधे एकेक मिनिट थांबून तीनदा मोजा आणि सरासरी काढा. त्याहून उशीर होत असेल तर दाब कमी आहे किंवा प्लेटी झिजल्या आहेत. ब्रेक दाबून पूर्ण रेस द्यायची स्टॉल टेस्ट घरी करू नका. काही सेकंदांत ऑइल उकळतं आणि ब्रेक सुटला तर गाडी समोरच्या भिंतीवर जाते.

वही, कोड, ऑइलच्या डागाचा टिश्यू, चुंबकाचा फोटो आणि हा वेळ मेकॅनिकच्या हातात द्या, आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी दाबाचा गेज लावायला सांगा. दाब बरोबर असेल तर व्हॉल्व्ह बॉडी आणि सोलेनॉइडपर्यंत काम थांबतं, आणि ते बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स गाडीतच ठेवून होतं. ‘उतरवावाच लागेल’ असं म्हणणाऱ्याला गेजवर किती दाब आला हा आकडा विचारा. त्याने आकडा दिला तर कारण समजून घ्या. मोजलंच नसेल तर दुसऱ्याकडे जा.

घाटात मध्येच गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली तर ती बहुधा सावकाश चालवत पुढच्या गावापर्यंत नेता येते. पण गिअर लागतच नसेल तर गिअरबॉक्सने फिरणारी चाकं (बहुतेक गाड्यांत पुढची) जमिनीवर ठेवून ओढून नेऊ देऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आत वंगण पोचत नाही, आणि झटक्यासाठी न्यायला काढलेली गाडी गॅरेजात पोचेपर्यंत खरोखरच गिअरबॉक्स गमावून बसते. फ्लॅटबेड मागवा, नाही तर किमान ती चाकं उचलून न्या.